जिप्सीचा मागचा क्रॉस वारंवार तुटतो: बजेट वर्गातील ऑफरोड गाडीचे निदान, दुरुस्ती आणि नियम

मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या नळीचा) ट्रान्स्फर केसकडचा क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा सांधा, तुटणे ही कोल्हापूर परिसरात ऑफरोड शर्यतींच्या कमी खर्चाच्या वर्गात मारुती जिप्सी पळवणाऱ्या अनेकांच्या परिचयाची तक्रार आहे. नवा क्रॉस बसवला जातो, ग्रीस भरले जाते, गाडी एक-दोन फेऱ्या व्यवस्थित चालते आणि मग ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानातल्या त्याच बांधावर, लो रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरमध्ये चढ घेताना, पुन्हा तोच कडाड आवाज होऊन मागची चाके थांबतात. आमच्या गाडीचे एका मोसमात असे चार क्रॉस गेले. पहिल्या वेळी आम्ही आधीपेक्षा महाग क्रॉस घेतला, दुसऱ्या वेळी शाफ्टचे बॅलन्सिंग करून घेतले, तिसऱ्या वेळी क्रॉसला दोन कानांत धरणारा योकही बदलला. चौथ्या वेळी मात्र नवा भाग आणण्याआधी गाडी सपाट फरशीवर उभी करून कोन मोजले, आणि बिघाडाचे मूळ गाडी उंच करण्याच्या पद्धतीत आहे हे तेव्हा कळले. ज्यांच्या गाडीला हाच त्रास आहे त्यांनी पुढचा क्रॉस विकत घेण्यापूर्वी खालील तपासणी एकदा करावी, अशी मनापासून विनंती आहे.

आधी गाडीची रचना लक्षात घ्यावी लागेल. जिप्सीमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलकडे ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे असतात. त्यांना जोडणारा एक आखूड शाफ्ट, पुढच्या एक्सलकडे जाणारा दुसरा आणि मागच्या एक्सलकडे जाणारा तिसरा, असे एकूण तीन शाफ्ट या गाडीत फिरतात. दोन्ही एक्सल अखंड हौसिंगचे (बाहेरच्या आवरणाचे) आहेत, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि मूळ रचनेत हौसिंग पाट्यांच्या वर बसते. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर) केवळ २,३७५ मिलिमीटर असल्यामुळे मागचा शाफ्ट आखूड राहतो, आणि शाफ्ट आखूड असला की गाडी थोडी जरी उचलली तरी त्याचा कोन झपाट्याने वाढतो. लांब व्हीलबेसच्या पिकअपमध्ये जो बदल खपून जातो तो जिप्सीत खपत नाही, याचे कारण एवढेच आहे.

आमची गाडी २००३ सालची, १.३ लिटर एमपीएफआय (इंधन इंजेक्शनच्या) इंजिनाची आहे. आधीच्या मालकाने प्रत्येक पाट्यात एकेक जादा पान घालून ती सुमारे ५० मिलिमीटर उचलली होती, मागे ५० मिलिमीटरने लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला टांगणारी पट्टी) लावून आणखी सुमारे २५ मिलिमीटर उंची मिळवली होती आणि २३५/७५ आर १५ मापाचे टायर चढवले होते. शॅकल जेवढे लांब केले त्याच्या निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते. पुढच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात याच गोष्टीपासून होते.

तुटलेला क्रॉस फेकू नये

वर्कशॉपमध्ये तुटलेला क्रॉस भंगाराच्या डब्यात टाकण्याची सवय असते. तो मागून घ्यावा, डिझेलने धुवावा आणि उजेडात नीट पाहावा. चारही दांड्यांवर बेअरिंगच्या सुयांच्या रेघा उमटल्या असतील तर त्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहणे महत्त्वाचे आहे. फक्त एकाच बाजूला खोल रेघा असतील तर क्रॉसवर एकाच दिशेने जादा भार येत होता, म्हणजे मोठे टायर, लो रेंज आणि जमिनीची घट्ट पकड यांचा तो परिणाम आहे. दांड्यावर बसणाऱ्या कपात तांबूस कोरडी भुकटी निघाली तर ग्रीस संपून पाणी शिरले होते. पावसाळ्यात पाणंदीतून आणि ओढ्यांतून गाडी नेणाऱ्यांकडे हे नेहमी दिसते. योकच्या कानांची आतली बाजू घासून चकचकीत झाली असेल तर चाक पूर्ण खाली लोंबकळताना शाफ्ट इतका तिरका होतो की एक योक दुसऱ्या योकला अडतो, आणि मग क्रॉस कितीही चांगल्या दर्जाचा असला तरी त्याला तुटण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या चारपैकी तीन क्रॉसवर एका बाजूच्या खोल रेघा होत्या आणि योकच्या कानांवर घासल्याच्या खुणा होत्या. म्हणजे उत्तर आमच्या हातात मोसमभर होते आणि आम्ही ते न पाहताच बाजूला टाकत होतो.

ग्रीसबद्दल एकच सूचना पुरेशी आहे. निपलमधून ग्रीस भरताना ते चारही कपांच्या कडेने बाहेर आले पाहिजे. तीन कपांतून आले आणि चौथ्यातून आले नाही, तर तो चौथा कप कोरडा आहे असे समजून क्रॉस काढावा.

गाडी चालवून करायची पारख

थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर, हे प्रथम ठरवावे. ठरावीक वेगावर गिअर बदलूनही थरथर तशीच राहिली तर ती शाफ्ट, एक्सल किंवा चाकांकडची आहे. त्यानंतर त्याच वेगावर एकदा ॲक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून पाहावे. केवळ दाबल्यावर थरथर येत असेल तर ताकद लागताच हौसिंग फिरत आहे, म्हणजे पाटे पिळले जात आहेत. दाबल्यावर आणि सोडल्यावरही येत असेल तर स्थिर कोन चुकले आहेत, किंवा शाफ्टचे बॅलन्सिंग बिघडले आहे. या दोहोंत फरक असा आहे की असंतुलित शाफ्ट एका फेरीत एकदा धक्का देतो, तर चुकलेल्या कोनाचा क्रॉस एका फेरीत दोनदा धक्का देतो. त्यामुळे कोनाची थरथर अधिक बारीक आणि वेगवान जाणवते. सवयीने ती सीटखाली ओळखता येते.

आणखी एक तपासणी पाच मिनिटांत होते आणि तरीही ती सर्वांत जास्त वेळा राहून जाते. शाफ्टच्या मधल्या स्लिपमध्ये, म्हणजे त्याला लांब-आखूड होऊ देणाऱ्या सरकत्या जोडात, दाते असतात. शाफ्ट काढून परत जोडताना तो एक-दोन दाते सरकून बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. दोन क्रॉसच्या शाफ्टचे सारे तत्त्व असे आहे की पहिल्या क्रॉसने निर्माण केलेला वेगातील चढउतार दुसरा क्रॉस उलट दिशेने रद्द करतो. योक एका रेषेत नसतील तर ही वजाबाकी अपुरी राहते, आणि ते परस्परांशी काटकोनात बसले असतील तर वजाबाकीऐवजी बेरीज होते. आमच्या दुसऱ्या दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा जास्त थरथरू लागली त्याचे कारण हेच होते: बॅलन्सिंग करून आणलेला शाफ्ट जोडताना दोन दात्यांनी सरकला होता. तेव्हापासून शाफ्ट काढण्याआधी स्लिपच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची एकच आडवी रेघ ओढण्याची शिस्त आम्ही लावून घेतली आहे.

कोन कसे मोजावेत आणि ते काय सांगतात

गाडी सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा भरून, शर्यतीत जेवढे वजन असते तेवढे वजन ठेवून उभी करावी. रोलकेज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) बसवायचा असेल तर तो बसवल्यानंतरच मोजमाप घ्यावे, कारण त्याच्या वजनाने पाटे दबतात आणि आधी घेतलेले आकडे निरुपयोगी ठरतात. जॅकवर किंवा खड्ड्याच्या तोंडाशी तिरकी उभी असलेली गाडी मोजण्यात अर्थ नाही. मोजण्यासाठी चुंबकीय कोनमापक उत्तम. तो नसेल तर मोबाइलमधील उतार मोजण्याची सोय सरळ पट्टीला टेकवून वापरता येते. तीन आकडे घ्यायचे आहेत: ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लॅंजचा (जोडचकतीचा) उतार, शाफ्टच्या नळीचा उतार आणि पिनियनच्या (मागच्या एक्सलमध्ये ताकद आत नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लॅंजचा उतार.

आमचे आकडे असे निघाले. ट्रान्स्फर केसचा दांडा मागच्या बाजूला ३ अंश खाली उतरत होता, शाफ्ट १८ अंश उतरत होता आणि पिनियनचा दांडा ७ अंश उतरत होता. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन १५ अंश आणि मागच्या क्रॉसचा ११ अंश. ट्रान्स्फर केस आणि पिनियन समांतर असते तर दोन्ही कोन सारखे आले असते. हा चार अंशांचा फरक कोठून आला, याचे उत्तर लांब शॅकलमध्ये आहे. मागचे शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असते. ते लांब केले की चासीच्या तुलनेत ते टोक खाली जाते आणि पिनियनचे नाक वर उचलले जाते. पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी ९०० मिलिमीटर धरली आणि शॅकल ५० मिलिमीटरने वाढवले, तर हा फरक सुमारे तीन अंशांचा होतो. उरलेला एक अंश बहुधा बसलेल्या पाट्यांचा आणि दबलेल्या रबरांचा होता.

चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात ते किरकोळ नसतात, आणि हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करणे योग्य ठरेल. एकच क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा दांडा एकसमान वेगाने फिरत असला तरी मागचा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. हा चढउतार कोनाच्या कोज्येवर (कोसाइनवर) अवलंबून असतो: १० अंशांवर तो दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का, १५ अंशांवर सुमारे साडेतीन टक्के आणि २० अंशांवर सुमारे सहा टक्के असतो. दोन क्रॉस एका रेषेत असताना उरणारा परिणाम काढण्यासाठी मोठ्या कोनाच्या वर्गातून लहान कोनाचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतात. आमच्या बाबतीत २२५ वजा १२१ म्हणजे १०४, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १०. याचा अर्थ, फरक चार अंशांचा असला तरी त्याचा परिणाम १० अंशांवर एकटा क्रॉस फिरवण्याइतका होतो. प्रोपेलर शाफ्टच्या बाबतीत हा उरलेला कोन तीन अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवण्याचा संकेत आहे.

याच सूत्रातून दुसरी, जास्त मोलाची गोष्ट निघते. कोन मूळचाच मोठा असेल तर एका अंशाची चूकही महाग पडते. ८ आणि ७ अंशांत उरणारा परिणाम चार अंशांहून थोडा कमी असतो, पण १५ आणि १४ अंशांत तो साडेपाच अंशांच्या जवळ जातो. म्हणून नुसती पाचर घालून पिनियन समांतर करणे ही अर्धीच दुरुस्ती आहे. आधी एकूण कोन कमी केला पाहिजे, आणि तो कमी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे गाडी खाली आणणे. क्रॉसपासून क्रॉसपर्यंत शाफ्टची लांबी ६०० मिलिमीटर धरली तर गाडी ५० मिलिमीटर उचलल्याने कोन पावणेपाच अंशांच्या आसपास वाढतो. हौसिंग पाट्यांच्या वरून काढून खाली टांगले, म्हणजे अनेकजण अभिमानाने करतात तो बदल केला, तर १२० ते १३० मिलिमीटर उंची मिळते आणि कोन सुमारे १२ अंशांनी वाढतो. आपल्या शाफ्टची लांबी स्वतः मोजून हा हिशेब करावा. तो करायला कागद-पेन पुरेसे आहे.

ताकद लागल्यावर काय होते

उभ्या गाडीचे कोन बरोबर आले तरी काम संपत नाही. लो रेंजमध्ये जोर लागला की मागची चाके पुढे फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून हौसिंग उलट फिरू पाहते, म्हणजे पिनियनचे नाक वर जाते. पाटे मऊ असतील, जुने असतील किंवा त्यांतील पाने एकमेकांवर नीट बसलेली नसतील तर पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळला जातो, अचानक सुटतो, पुन्हा पिळला जातो, आणि गाडी मागून उड्या मारू लागते. क्रॉस तुटतो तो बहुतेक वेळा या उड्यांमध्येच. चाक जमिनीवरून सुटते, वेगाने फिरते, मग पुन्हा पकड घेते. त्या एका क्षणी शाफ्टवर येणारा धक्का सरळ चढावरच्या ओझ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून चालकाला दिलेली सूचना येथे यांत्रिक दुरुस्तीइतकीच महत्त्वाची आहे: मागून उडी जाणवताच ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी मागे घ्यावी आणि दुसरी वाट पकडावी. आमच्या चालकाला हे मान्य करायला वेळ लागला, कारण बांधावर उभे असलेले लोक तेव्हाच ओरडून जोर वाढवायला सांगत असतात.

हौसिंग पाट्यांखाली टांगलेल्या गाडीत ही पिळवट जास्त होते, कारण पाटा आणि एक्सलचा मध्य यांतील तरफ वाढते. त्यावर हौसिंगला फिरण्यापासून रोखणारा टॉर्क रॉड लावतात. तो लावताना दोन्ही टोकांना बुश आणि चासीकडच्या टोकाला हलणारे शॅकल दिले नाही तर पाटे वरखाली होताना रॉड अडतो आणि त्याची ब्रॅकेट चासीपासून फाटते. दोन्ही टोके पक्की वेल्ड केलेला रॉड आम्ही एका गाडीत पाहिला आहे; दुसऱ्याच फेरीत चासीला तडा गेला होता.

पिळवट लक्षात घेऊन पाट्यांच्या गाडीत पिनियनचे नाक समांतर स्थितीपेक्षा एक ते दोन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर लागल्यावर ते समांतर येते. यासाठी पाटा आणि हौसिंगची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. पाचरीची दिशा चुकण्याची शक्यता मोठी असते. हौसिंग पाट्यांच्या वर असलेल्या मूळ रचनेत नाक खाली आणायचे असेल तर पाचरीची जाड बाजू गाडीच्या मागच्या दिशेला येते. हौसिंग पाट्यांखाली टांगलेले असेल तर हेच उलट होते. ॲल्युमिनियमच्या पाचरी चेपतात आणि फुटतात, त्यामुळे त्या टाळाव्यात. उद्यमनगर या औद्योगिक भागातील कोणत्याही चांगल्या मिलिंगवाल्याकडे मोजमाप आणि अंश लिहून दिले तर पोलादी जोडी एका दिवसात तयार होते, आणि या कामात कोल्हापूरसारखी सोय फार थोड्या गावांत असेल. पाचर घातल्यावर पाट्याची पाने एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात पुरेसे उतरते की नाही, हे हात लावून तपासावे. हौसिंग पाट्याला बांधणारे यू बोल्ट नवे घ्यावेत आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर, किंवा ट्रॅकवरच्या पहिल्याच दिवसानंतर, पुन्हा आवळावेत. ढिल्या यू बोल्टमुळे हौसिंग पाट्यावर सरकते आणि मोजलेले सगळे कोन वाया जातात.

ट्रान्स्फर केसची रबर माउंट या चर्चेत विसरली जातात. ती तीन असतात आणि त्यांतील एक जरी फाटले तरी जोर लागल्यावर पूर्ण केस तिरकी होते. दोन्ही बाजूंचे कोन मग एकाच वेळी बिघडतात, शिवाय गिअरबॉक्सकडचा आखूड शाफ्टही तिरका चालतो. एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने चाकांना ठोकळे लावून सुरक्षित बाजूने पाहावे आणि लो रेंजमध्ये क्लच हळूच सोडून केस किती हलते ते बघावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहू नये.

शेवटी स्लिप. मागचे टोक चासीवर उचलून चाके पूर्ण लोंबकळू द्यावीत आणि स्लिपचे किती दाते आत उरले ते पाहावे. गाडी उंच केली की शाफ्ट कमी पडतो. आमच्याकडे पूर्ण लोंबकळलेल्या अवस्थेत जेमतेम २० मिलिमीटर पकड उरली होती. एवढ्या पकडीवर स्लिप डुलते आणि तिचा सगळा ताण क्रॉसवर येतो. यावर जाड स्पेसर लावता येतो किंवा शाफ्टची नळी बदलून लांब करता येते, पण आमच्या गाडीला दोन्हींची गरज उरली नाही, कारण गाडी खाली आणल्यावर पकड आपोआप वाढली.

नियमांत काय बसते

आमच्या स्थानिक बजेट वर्गाची नियमावली दोन पानांची आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस मूळ मॉडेलचे असावेत, पाट्यांची मूळ पद्धत कायम ठेवावी, उंची मूळ गाडीपेक्षा ५० मिलिमीटरपर्यंतच वाढवावी, टायर २१५/७५ आर १५ पेक्षा मोठे नसावेत आणि डिफरन्शियल लॉक (एक्सलची दोन्ही चाके सक्तीने एकत्र फिरवणारी सोय) नसावे, एवढाच तिचा गाभा. तांत्रिक तपासणीत आमची गाडी दोनदा अडवली गेली होती: एकदा टायरसाठी आणि एकदा उंचीसाठी. तेव्हा तपासनीस आडमुठेपणा करत आहेत असे आम्हाला वाटले होते, आणि ते आमचे चुकलेच. क्रॉस तोडणारे दोन बदल आणि नियम तोडणारे दोन बदल एकच होते. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असतो, २१५/७५ चा सुमारे ७०४ आणि २३५/७५ चा सुमारे ७३४. म्हणजे नियमातल्या टायरने शाफ्टवरचा भार सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो आणि आमच्या टायरने तो जवळपास दहा टक्क्यांनी वाढत होता; त्यातही रुंद टायरची जास्त पकड वेगळीच. बोलेरोला २१५/७५ आर १५ हेच माप लागते, त्यामुळे ते जुन्या बाजारात सहज आणि स्वस्त मिळते, हा या नियमाचा आणखी एक व्यवहारी फायदा आहे.

पाचरीबाबत मात्र आम्हाला दाद मागावी लागली. पाटे आणि हौसिंग यांच्या मूळ बसवणीत बदल करू नये, असे कलम होते. हौसिंग खाली टांगण्याला आळा घालण्यासाठी ते लिहिलेले होते, पण शब्दशः घेतले तर त्यात पाचरही अडकत होती. तपासनिसांनी कलम वाचून दाखवले आणि त्यांचा अर्थ बरोबर होता. आम्ही मोजलेले आकडे, तुटलेले चारही क्रॉस आणि पाचर समोर ठेवली, आणि पुढच्या बैठकीत कलम बदलले: पोलादी पाचर, कमाल चार अंश, दोन्ही बाजूंना सारखी, नव्या यू बोल्टसह. जेथे असे कलम अजून मोघम आहे तेथील आयोजकांनीही हा फरक स्पष्ट करावा असे मला ठामपणे वाटते. गाडीला वेगाचा फायदा देणारा बदल आणि तिला मोडण्यापासून वाचवणारा बदल यांना एकाच मापाने मोजले, तर कमी पैशांत पळणाऱ्या माणसालाच त्याची झळ बसते.

खर्चाच्या मर्यादेबाबतही हाच विचार लागू होतो. अमेरिकेतील स्वस्त गाड्यांच्या ट्रॅकवरील एका प्रसिद्ध शर्यतीत, ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्समध्ये, गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत ठेवण्याची अट आहे, पण सुरक्षेची साधने त्यात धरली जात नाहीत. ऑफरोडमध्ये मेक्सिकोतील बाहाच्या वाळवंटातील शर्यतींत जवळपास मूळ स्थितीतील फोक्सवॅगन बीटलसाठी क्लास ११ हा वेगळा वर्ग आहे आणि तेथे बदलांवरील कडक मर्यादाच खर्च रोखून धरतात. आपल्याकडेही रोलकेज, सीट, पट्टे, अग्निशामक आणि शाफ्टखालचे संरक्षक कडे खर्चाच्या मर्यादेबाहेर असले पाहिजेत. तसे नसेल तर माणसे रोलकेजमध्ये काटकसर करतात आणि पाण्याच्या जीआय पाइपचा सांगाडा वेल्ड करून आणतात. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी शिवणरहित कार्बन पोलादाची ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची नळी सांगितलेली आहे. पाण्याचा पाइप त्याच्या जवळपासही जात नाही. शाफ्टखालचे कडे तर फारच साधे काम आहे: पुढच्या क्रॉसच्या किंचित मागे, चासीला बोल्टने बसवलेली पोलादी पट्टी. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचे सुटलेले टोक जमिनीत रुतून गाडी उचलू शकते किंवा फरशी फोडून आत येऊ शकते. चार क्रॉस तुटूनही आमच्यापैकी कोणाला इजा झाली नाही याचे श्रेय त्या पट्टीचे आहे. एफएमएससीआय या भारतीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांचे नियम वेगळे असतात. स्थानिक वर्गात चालणारा बदल तेथे चालेल असे गृहीत धरू नये.

रस्त्याचा कायदा यापेक्षाही वेगळा आहे आणि तो टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ स्पष्ट केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जिप्सी आता जुन्या झाल्या आहेत, १५ वर्षांनंतर त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते, आणि त्या तपासणीत उंच केलेली गाडी अडते. म्हणून शर्यतीची गाडी टेम्पोत किंवा ट्रेलरवर चढवून न्यावी आणि शर्यतही मालकाची परवानगी असलेल्या खासगी रानातच घ्यावी.

आम्ही शेवटी काय केले

लांब शॅकल काढून मूळ मापाची लावली, जादा पान ठेवले पण पाटे पुन्हा बांधून घेतले, आणि उंची ४० मिलिमीटरवर आली. त्यामुळे शाफ्टचा उतार १८ वरून सुमारे साडेचौदा अंशांवर उतरला आणि पुढच्या क्रॉसचा कोन साडेअकरा अंश झाला. शॅकल मूळ केल्याने पिनियनही बहुतेक समांतर आला. तो एक अंश खाली ठेवण्यासाठी दोन अंशांची पाचर पुरली. टायर २१५/७५ घेतले, फाटलेले एक रबर माउंट बदलले आणि साधा, मध्यम किमतीचा क्रॉस बसवला. एक्सलच्या श्वासनळीला रबरी नळी जोडून ती इंजिनखान्यात उंच नेली, कारण तापलेले हौसिंग ओढ्यात बुडाले की त्या वाटेने पाणी ओढून घेते आणि ऑइल दुधाळ होते. टॉर्क रॉड लावलेला नाही. पुन्हा बांधलेल्या पाट्यांवर तेवढी पिळवट उरली नाही.

पुढच्या संपूर्ण मोसमात मागचा क्रॉस तुटला नाही. मोसमाच्या अखेरीस तो काढून पाहिला तेव्हा रेघा दोन्ही बाजूंना सारख्या आणि उथळ होत्या, योकचे कान कोरे होते. उंची कमी झाल्याने एका चढावर मागचा बंपर टेकतो, ही खरी तडजोड आहे आणि ती आम्ही स्वीकारली आहे.

आता शर्यतीच्या दिवशी गाडी ट्रेलरवरून उतरवली की आम्ही आधी यू बोल्टना पाना लावतो, शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवून खडखड होते का ते ऐकतो, आणि मग खाली वाकून स्लिपवरची पांढरी रेघ पाहतो. रेघेचे दोन तुकडे एका ओळीत नसतील, तर शाफ्ट काढून पुन्हा नीट बसवल्याशिवाय गाडी सुरुवातीच्या रेषेवर जात नाही.